एकोणीस एप्रिल

ला पेर्ला, ॲरिझोना
२९ मार्च १९९३

प्रिय डॉन वेंडेल,

दरवर्षी मार्चच्या मध्यावर तुमचं कार्ड येतं, "अमुक तारखेला पोचतो, शिडी काढून ठेवा". यंदा आलं नाही. शिडी मी काढून ठेवली आहे. ती अंगणात उभी आहे आणि शेजारची ओर्तेन्सिया येताजाता विचारते, "काय गं, तुझा कूलरवाला वाट चुकला का?"

कूलरच्या गवताला वास मारतोय. मागच्या उन्हाळ्याचं पाणी त्यातच आटलं. पण घाई त्याची नाही. पत्र दुसऱ्याच कामासाठी लिहिते आहे.

चौकात पितळेची पाटी बसणार आहे. आपल्या खाणीत मेलेल्या सगळ्यांची नावं. एकेचाळीस नावं निघाली, त्यात माझ्या नवऱ्याचं, इसिद्रोचं नाही. मी समितीकडे गेले. ते म्हणाले, "डोन्या एलोदिया, तो कामावर मेला नाही. सुरुंग उडाल्यावर धातूचा चांगला दगड चोरायला परत आत गेला होता, असं कागदावर आहे." कागद लिहिला मुकादम स्ट्राउडने. तो आता नाही. त्याचा पुतण्या समितीत आहे.

तुम्ही इसिद्रोबरोबर काम केलंत. तो कसा माणूस होता हे तुम्ही येऊन चार शब्दांत सांगितलंत तर ते ऐकतील. गोऱ्या माणसाचं ऐकतात. नावं पंधरा मेपर्यंत घेणार आहेत. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मला दुसरी पाटी मिळणार नाही.

तुमची,
एलोदिया आर्मेंता

*

आहो, ॲरिझोना
६ एप्रिल १९९३

आदरणीय डोन्या एलोदिया,

तुमचं पत्र वडिलांच्या पेटीत मिळालं आणि मी ते उघडलं. क्षमा करा. मी त्यांची मुलगी, नेडीन. वडील नऊ जानेवारीला गेले, छातीच्या दुखण्याने, दवाखान्यात. तुम्हाला कळवायला हवं होतं. तुम्ही आहात हेच मला माहीत नव्हतं. दर एप्रिलमध्ये ते "वाळवंटात चक्कर मारून येतो" म्हणायचे आणि मी कधी विचारलं नाही कुठे.

त्यांची मोटरहोम, राहायची-झोपायची गाडी, इथे आहे, त्र्याहत्तर सालची, पोटावर तपकिरी पट्टा असलेली. तुम्ही ओळखत असाल. यूमाच्या शाळेत मी इतिहास शिकवते. तिथून सहा आठवड्यांची रजा घेतली आहे. गाडी विकायला आले होते. मग ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि विकावीशी वाटली नाही. वाटली नाही, की विकायचे कष्ट नको वाटले, हे मला सांगता येत नाही. तीन महिने मला कशाचंच नीट सांगता येत नाही. दात काढताना भूल देतात ना, तसं आहे. ओढताहेत हे कळतं, दुखत नाही.

मी येते. गवत मी बदलेन; वडिलांना यूमाच्या घराचं करताना पाहिलं आहे. वाटेत जुनी खाणीची गावं बघत येईन म्हणते. मुलांना वीस वर्षं शिकवली, पाहिली मात्र एकही नाही. माझा जन्म ला पेर्लाचाच. दहा वर्षांची असताना आम्ही गाव सोडलं. समितीला काय सांगता येईल ते बघते. वडिलांच्या वतीने बोलायचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्न आहेच.

गाडीच्या खणात रुमालात बांधलेला एक पितळी बिल्ला मिळाला, खाणीतला, वर आकडा ठोकलेला. त्यांनी आठवण म्हणून ठेवला असेल. अशा बिल्ल्यांचं काय करायचे ते तुम्हाला माहीत असेल तर लिहा. सुपीरियरच्या पोस्टात माझ्या नावाने ठेवायला सांगा, मी तिथून घेईन.

आपली,
नेडीन ट्रेगिअर

*

ला पेर्ला
१० एप्रिल १९९३

पोरी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग शिडी आत ठेवली. तुझ्या वडिलांसाठी मेणबत्ती लावली. ते आमच्या देवळातले नव्हते, पण मेणबत्तीला ते कुठे कळतं.

तू वरच्या रांगेतली असणार. कंपनीची पांढरी घरं टेकडीवर, आमची खाली ओढ्याकाठी. वरच्या मुलांची नावं आम्हाला माहीत नसत. तुमच्या आया आम्हाला कपडे धुवायला द्यायच्या तेवढीच ओळख.

बिल्ल्याचं विचारलंस. सकाळी खाणीत उतरताना फळीवरच्या खिळ्यावरून आपल्या आकड्याचा बिल्ला घ्यायचा, वर आलं की परत टांगायचा. पाळी सुटली की मुकादम फळी बघतो. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. नाव नसतं, आकडाच. कुठल्या आकड्याचा कोण, हे फक्त मुकादमाच्या वहीत.

आता इसिद्रोचं ऐक. तुला समितीपुढे बोलायचं आहे. अकरा एप्रिल १९५८, ईस्टरनंतरचा शुक्रवार. तीनला पाळी सुटली, सुरुंग उडाले. धूर निवळेपर्यंत आत जायचं नसतं. इसिद्रो वर आला होता, हातपाय धूत होता. मग तो परत खाली गेला. त्याला बाहेर काढलं; आत वरचा दगड त्याच्या कमरेवर पडला होता. दोन तास जगला. मी त्याच्याजवळ होते. तो म्हणाला, "मुकादमाने पाठवलं. एक बिल्ला कमी आहे." आणि त्याने आकडा सांगितला. दोनदा सांगितला. मी दुसऱ्या दिवशी स्ट्राउडकडे गेले. त्याने मला फळीसमोर उभं केलं. "बघ बाई, सगळे खिळे भरलेत. कमी कोण होतं?" त्या आकड्याचा बिल्ला टांगलेला होता. नवा कोरा, चकचकीत. मी चकचकीतपणा बघितला, पण तेव्हा त्याचा अर्थ लावायला डोकं जाग्यावर नव्हतं.

आकडा मी पाद्र्याशिवाय कुणाला सांगितलेला नाही. तुलाही लिहीत नाही. पण कुठेही असा बिल्ला दिसला की मी आकडा विचारते, सवय आहे. जुन्या बाजारात, लोकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. तुझ्याकडच्यावर काय आकडा आहे?

एलोदिया

*

सुपीरियर
१७ एप्रिल १९९३

आदरणीय डोन्या एलोदिया,

तुमचं पत्र मिळालं. इसिद्रोंबद्दलचं मी दोनदा वाचलं.

हे गाव कड्याच्या पायथ्याशी आहे. संध्याकाळी कडा तांबडा होतो. रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद, काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. मी ज्या आवारात गाडी लावली तिथे उत्तरेतून हिवाळ्यापुरते आलेले म्हातारे-म्हाताऱ्या आहेत. ते आता परतीची बांधाबांध करताहेत. शेजारच्या बाईने मला पाण्याची नळी जोडायला शिकवलं आणि विचारलं, "एकटीच? भीती नाही वाटत?" नाही म्हणाले. खरंच नाही वाटत.

इथल्या लहानशा संग्रहालयात ऑर्व्हल किचन्स नावाचे एक जुने खाणकामगार बसतात. मी फळीवरच्या बिल्ल्यांना हात लावला तर ओरडले, "ओ बाई, ते दागिने नाहीत! तुम्हाला एक दिला तर मला खाली शोधत फिरावं लागेल." मग स्वतःच हसले. त्यांच्याशी बरंच बोलणं झालं.

आमच्या बिल्ल्याचं म्हणाल तर आकडा फार झिजला आहे, नीट वाचता येत नाही. लिंबाने घासून बघते.

इथून मी ग्लोबला जाईन, मग जेरोमला. उत्तर जेरोमच्या पोस्टात पाठवा.

आपली,
नेडीन

*

ला पेर्ला
२२ एप्रिल १९९३

पोरी,

लिंबाबरोबर मीठ घे. नुसत्या लिंबाने काही होत नाही. पण एक सांगते, तो आकडा छिन्नीने ठोकलेला असतो. इसिद्रोचा अठ्ठ्याऐंशी माझ्याकडे आहे. पस्तीस वर्षं मी तो रोज बोटाने चाचपते, अजून झिजलेला नाही.

माझ्या स्वयंपाकघरात नकाशा आहे, तेल कंपनीचा, जुना. आहोपासून इथवर मी बोट फिरवलं. एका दिवसाचा रस्ता आहे. सुपीरियर पूर्वेला, मी वायव्येला. जेरोमही वाटेवर नाही. गावं बघायची हौस असेल तर बघ बाई. तुझे वडील आदल्या दिवशी निघून दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला इथे असायचे.

ते आल्यावर काय व्हायचं ते सांगते, तुला वडिलांचं ऐकायला बरं वाटेल. पहिल्यांदा आले चौऱ्याहत्तर साली. दारात टोपी हातात घेऊन उभे. "मी इसिद्रोबरोबर कामाला होतो. तुमच्या छतावरून पाणी गळतंय." मी म्हटलं, "छताला सांगा ना, मला काय सांगता." तर खरंच शिडी मागितली. तेव्हापासून दर वर्षी. गवत बदलायचे, पंख्याला तेल द्यायचे, खाली यायचे, हात धुवायचे. मी मिरचीचं मटण करायचे. ते गप्प बसून दोनदा घ्यायचे. मग काही तरी बोलायला तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "मटण छान झालंय." एकोणीस वर्षं तेच. ओर्तेन्सिया म्हणायची, "अगं, लाजाळू आहे. तूच विचार." ह्या वयात! पण माझा एक निळा ड्रेस आहे, तो मी एप्रिलमध्येच घालते. हे तुला का लिहिते आहे कोण जाणे. ते गेले म्हणून असेल.

समितीला लिहायचं विसरू नकोस. आणि आकडा कळव.

एलोदिया

*

जेरोम
३० एप्रिल १९९३

डोन्या एलोदिया,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. पहिली तीन माझ्या डायरीत आहेत. ती तुम्हाला उद्देशून कमी आणि मी किती प्रामाणिक आहे हे मलाच दाखवण्यासाठी जास्त लिहिली होती. ही प्रत साधी ठेवते.

बिल्ल्यावरचा आकडा झिजलेला नाही. तो पहिल्या दिवसापासून स्वच्छ वाचता येतो. दोनशे सतरा.

मी खोटं लिहिलं, कारण तुमच्या पत्रातली तारीख वाचली तेव्हाच मला कळलं होतं. अकरा एप्रिल अठ्ठावन्न ही तारीख माझ्या डाव्या हातावर आहे. ईस्टरच्या सुटीत आई तळत होती आणि मी, दहा वर्षांची, ओट्यावर चढायला गेले. चरबीची कढई कोपरापर्यंत सांडली. शेजारणीने खाणीच्या कचेरीत फोन केला. वडील माणसं वर आणणारा पाळणा यायची वाट न बघता दगड वर आणायच्या डब्यात बसून आले. तो डबा दुसऱ्या तोंडाशी निघतो. बिल्ल्यांच्या फळीवरून त्यांचं जाणंच झालं नाही. ही घाईची गोष्ट आमच्या घरी कौतुकाने सांगितली जायची. आई सांगायची. वडील उठून बाहेर जायचे.

ते किंगमनच्या दवाखान्यात माझ्याजवळ उभे होते. टोपीवरचा दिवा पेटलेलाच होता, नर्सने विझवायला सांगितला. डॉक्टर कातडी सोलत होते तेव्हा वडिलांनी खिशातून काही तरी गोल काढून माझ्या उजव्या मुठीत दिलं. "हे घट्ट धर. जितकं दुखेल तितकं घट्ट." मी ते नाणं समजत होते. झोपेतही सोडलं नाही, असं आई म्हणायची. तीन वाजता मी ते धरलेलंच होतं.

खणात बिल्ल्याखाली एक वही होती, गाडीची. किती मैल झाले, कुठे मुक्काम, टायर कधी बदलले. पहिल्याच पानावर थोडं जास्त लिहिलं आहे, ते जसंच्या तसं उतरवते.

"एप्रिल १९७४. ला पेर्ला. ए. चं घर सापडलं. त्या रात्री दवाखान्यातून परतलो तेव्हा आर्मेंता गेलेला होता. बिल्ला घेऊन स्ट्राउडकडे गेलो. तो म्हणाला, नवा टांगलाय, फळी भरलीय, तू दुपारी घरी गेलास, तुला काही माहीत नाही. तू तोंड उघडलंस तर आपण दोघं जातो. मला पोरीचा हात दिसत होता. हो म्हणालो. आज सांगायला आलो होतो. कूलर गळत होता. गवत बदललं. बोललो नाही."

त्यापुढे दर एप्रिलला एकच ओळ आहे. "ला पेर्ला. गवत बदललं. बोललो नाही." पंच्याहत्तर, शहात्तर, सत्याहत्तर. एका वर्षी "मटण" एवढा शब्द जास्त आहे. पहिल्या पानासकट मी ओळी मोजल्या. एकोणीस.

सुपीरियरला ऑर्व्हल किचन्स हसले आणि बोलणं झालं, एवढंच मी लिहिलं होतं. ते अर्धंच होतं. मी त्यांना विचारलं, बिल्ला खिशात घालून कुणी घरी गेलं तर? ते म्हणाले, "मी गेलोय एकदा. बायकोला धुण्यात सापडला. मी अंगात बनियन, पायात काही नाही, तसा पळत गेलो गावातून. पोरं मागे. मुकादमाने शिव्या घातल्या, मी त्याच्या पायाच पडलो. माणूस आत पाठवायला घंटेची दोरी हातात घेतली होती त्याने." मी म्हटलं, आणि पळत गेला नसतात तर? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "बाई, लग्नाची अंगठी हरवली तर आपली बायको ओरडते. हा हरवला तर दुसऱ्याची बायको रडते. तुमचं कोण होतं?" मी देणगीच्या डब्यात पैसे टाकून बाहेर आले.

मग गावांमागून गावं फिरले. ग्लोब, मायामी, हे जेरोम. हे डोंगराच्या उतारावर आहे. सुरुंगांनी जमीन इतकी हलली की जुना तुरुंग घसरत रस्त्यापलीकडे गेला. प्रवासी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मीही उभी राहिले. तुम्ही बरोबर ओळखलंत, एका दिवसाचा रस्ता मी तीन आठवडे पुरवला.

मला रडू आलेलं नाही. वडिलांसाठीही नाही, इसिद्रोंसाठीही नाही. हे तुमच्यापासून लपवणं म्हणजे आणखी एक खोटं होईल. इसिद्रो ज्याला शोधायला गेले तो बिल्ला माझ्या मुठीत होता, हे वाक्य मी डायरीत अकरा वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

इसिद्रो चोर नव्हते. त्यांना पाठवलं होतं. तुमचा आकडा दोनशे सतराच असेल तर समितीसाठी मी सहीनिशी लिहून देते, वडिलांच्या नावासकट. तुम्ही सांगाल तसं.

उत्तर ओटमनच्या पोस्टात. उत्तर नसलं तरी मी समजेन.

नेडीन

*

ओटमन
७ मे १९९३

डोन्या एलोदिया,

मी पाच दिवस ओटमनला आहे. रोज पोस्टात जाते. पोस्टातल्या बाईने आज मला बघून आधीच मान हलवली.

इथे खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांची पिलावळ रस्त्यावर फिरते. एकाने सकाळी गाडीच्या दारातून डोकं आत घालून माझा पाव खाल्ला. मी त्याला खाऊ दिला.

सोबत समितीसाठीचा कागद आहे. तुमच्या आकड्याची वाट बघत राहणं म्हणजे पुन्हा वेळ काढणं, असं वाटलं, म्हणून आजच लिहिला. वडिलांचं पूर्ण नाव, बिल्ल्याचा आकडा, स्ट्राउडशी झालेलं बोलणं, वहीतल्या पहिल्या पानाची नक्कल. इथल्या नोटरीसमोर सही केली. तुम्ही तो द्या किंवा चुलीत घाला. शेवटचा दिवस पुढचा शनिवार आहे एवढंच सांगते.

मी तुमच्यापासून तासाभरावर आहे. बोलावल्याशिवाय येणार नाही.

नेडीन

*

ला पेर्ला
१० मे १९९३

नेडीन,

दोनशे सतराच.

तुझं जेरोमचं पत्र मला तीन तारखेला मिळालं. मी ते वाचलं, पिठाच्या डब्यात ठेवलं आणि आठवडाभर पोळ्या केल्या नाहीत. मी स्ट्राउडला पस्तीस वर्षं शिव्या दिल्या. चकचकीत बिल्ल्याला दिल्या. त्या दोनशे सतराला तर रोज, झोपायच्या आधी, प्रार्थनेनंतर. तो दर एप्रिलला माझ्या ताटात जेवत होता.

माझा नवरा चोर नव्हता हे मला माहीत होतं. तू ते कागदावर आणलंस, त्याबद्दल देव तुझं भलं करो. पण दुसरंही सांगते. माझं एक तुझ्या वडिलांनी अठ्ठावन्न साली नेलं आणि दुसरं तू तीस एप्रिलला नेलंस. मला वाटायचं तो माझ्यासाठी येतो. म्हातारी बाई, छतावर एक माणूस काम करतोय, खाली मटण शिजतंय. एवढंच होतं. तेवढं मला पुरत होतं. तो तर बिल्ला टांगायला येत होता आणि त्याला खिळा सापडत नव्हता.

तू दहा वर्षांची होतीस. तुझ्या मुठीचं मला काही सांगू नकोस. मुठीतलं काय असतं हे पोरांना माहीत नसतं. ते ओझं तू उगाच उचलतेस आणि वर म्हणतेस, जड लागत नाही. मी इसिद्रोला पुरलं तेव्हा मलाही रडू आलं नाही. ऑगस्टमध्ये आलं, भोपळा चिरताना. वाट बघू नकोस, घाईही करू नकोस.

कागद मी आज स्वतः नेऊन दिला. स्ट्राउडच्या पुतण्याच्या हातात.

बुधवारी ये. गवत किंगमनहून आण, अठ्ठावीस बाय चौतीस, तीन नग. स्वस्तातलं निळसर कागदी मिळतं ते नको. लाकडाच्या किसाचं आण, तुझे वडील तेच आणत. पुढच्या दाराने नको, अंगणातून ये. बिल्ला आणि वही आधी माझ्या हातात दे, मग शिडी चढ. जेवणाचं मी ठरवलेलं नाही.

एलोदिया आर्मेंता

*

यूमा
१८ मे १९९३

डोन्या एलोदिया,

सोमवारपासून माझी शाळा सुरू झाली. गाडी दारात उभी आहे. शेजारी विचारतात विकणार का, आणि मी "बघू" म्हणते.

बुधवारी मी तिथे फारच कमी बोलले. मला वाटलं होतं की मी पाठ केलेलं सगळं म्हणेन. तुम्ही जाळीच्या दारामागे करड्या घरगुती कपड्यांत उभ्या होतात. तुम्ही नुसता हात पुढे केलात आणि मला आठवलं ते सगळं चुकीचं वाटलं. तुम्ही बिल्ला उलटा केलात, सुलटा केलात आणि म्हणालात, "इतकासा." मग वर बोट दाखवलंत.

छतावर जुनं गवत काढताना ते हातात चुरलं. आत पंख्याच्या पत्र्यावर वडिलांनी दर वर्षी खिळ्याने एक रेघ ओढलेली आहे. तुम्हाला माहीत नसेल, खालून दिसत नाही. मी यंदाची ओढली नाही. तो माझा हिशेब नव्हे असं वाटलं. आता वाटतं, की हेही अंग काढून घेणंच झालं. माहीत नाही.

तुम्ही खालून बटण दाबलंत, पाणी झिरपायला लागलं, आणि तुम्ही ओरडलात, "येतंय गं! गार येतंय!" त्या एका क्षणी तुमचा आवाज रागावलेला नव्हता. मग तुम्ही मला पाणी दिलंत, बस म्हणाला नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मी निघाले. गावाबाहेर जुन्या खाणीच्या फाटकाशी थांबले. काही वाटेल म्हणून अर्धा तास उभी राहिले. उजव्या हाताची मूठ मिटलेली आहे, एवढंच लक्षात आलं. ती उघडली. आत काही नव्हतं.

समितीचं कळलं तर लिहा. नाही लिहिलंत तरी चालेल.

नेडीन

*

ला पेर्ला
१४ जून १९९३

पोरी,

समितीने तुझा कागद मोठ्याने वाचला. पुतण्या मधेच उठला, टोपी घातली आणि गेला. बाकीच्यांनी हात वर केले. ओर्तेन्सिया समितीत नाही, तरी तिनेही वर केला, दोन्ही.

सभा होईपर्यंत पाटी ओतायला गेली होती, आडनावांच्या क्रमाने. म्हणून इसिद्रो तळाला आला, एकटा, खालच्या ओळीत, इतरांपेक्षा थोडा मोठा. मी म्हटलं, राहू दे. काल उघडली. मी निळा ड्रेस घातला. एप्रिल नव्हता, पण घातला. तो माझा आहे, मी विकत घेतलेला आहे.

बिल्ला मी समितीला दिला नाही, ते संग्रहालयासाठी मागत होते. पाटीमागच्या भिंतीत पाद्र्याकडून एक खिळा ठोकून घेतला आणि सगळे निघून गेल्यावर दोनशे सतरा तिथे टांगला. पस्तीस वर्षं उशिरा का होईना, फळी भरली. अठ्ठ्याऐंशी माझ्याकडेच राहील.

वही मी ठेवून घेते. तुझी आहे, पण परत मागू नकोस. मी ती वाचली. माझं नाव तिच्यात एकदाही नाही आणि मी एकोणीस वेळा आहे. एक्क्याऐंशीच्या ओळीत "मटण" आहे. त्या वर्षी माझ्या हातून मीठ जास्त पडलं होतं. तो काही बोलला नव्हता.

कूलर चालतो. खडखडतो. तुझ्या वडिलांनी बसवला की आवाज नसायचा. तू डाव्या बाजूचा स्क्रू आवळला नाहीस.

पुढच्या एप्रिलमध्ये यायचं असेल तर एका दिवसाच्या रस्त्याने ये.

एलोदिया